स्कूबाच्या साहित्याला कुठला हूक लावावा? ट्रेकिंगचा कॅराबिनर चालेल का?

भुसावळहून एका भावाने विचारलंय. त्यांच्या गटाने मालवणला ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचा कोर्स केला, मग कोणाकडून तरी जुनं साहित्य स्वस्तात घेतलं. आता परवानगी काढून आसपासच्या धरणांत सराव करायचा आणि पुढे जमलं तर शोधकार्यात प्रशासनाला मदत करायची, असा बेत आहे. गेज (टाकीतला दाब दाखवणारं घड्याळ), ऑक्टोपस (जोडीदाराला हवा द्यायचा जादा तोंडभाग), टॉर्च, सगळं अंगावर लोंबतंय. ते अडकवायला त्यांनी ट्रेकिंगच्या दुकानातून कॅराबिनर आणले. त्यावर २२ केएन असं कोरलेलं आहे, तेव्हा डोंगरावर अख्खा माणूस पेलणारी वस्तू पाण्यात टॉर्च पेलणार नाही का, हा त्यांचा मुद्दा. गटातला एक मित्र मात्र म्हणतो की डायव्हर लोक असल्या क्लिपांना आत्मघाती क्लिप म्हणतात. तर खरं कोणाचं?

मित्राचं. पण ते का, हे नीट कळलं नाही तर उद्या दुकानदार तिसरीच काहीतरी क्लिप दाखवेल आणि तुम्ही पुन्हा तिथेच येऊन थांबाल. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी शहाद्याकडचा. थंडी-उन्हाळ्यात बॅरेजचे दरवाजे तपासणं, जॅकवेलच्या, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीच्या जाळ्या साफ करणं, कोणाचं बुडालेलं इंजिन किंवा पंप वर काढणं ही माझी कामं, आणि समुद्राचा हंगाम असला की मालवणला शिकवायला जातो. म्हणजे खालचं सगळं निळ्या पाण्यासोबत गढूळ पाणीही डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

आधी ताकदीचं बघू. २२ किलोन्यूटन म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास भार. डोंगरावर हा आकडा लागतो, कारण माणूस सुटला की दोराला एकदम झटका बसतो. पाण्यात तसं पडणं नसतं. नेहमी भाड्याने मिळते ती ॲल्युमिनियमची ११ लिटरची टाकी काठावर उचलताना कंबर धरते, पण पाण्यात पूर्ण भरलेली असतानाही तिचं वजन किलोच्या आसपासच भरतं, आणि हवा संपत आली की ती उलट तरंगायला बघते. टॉर्च, गेज, रील (दोरी गुंडाळायचं चाक) यांचं तर बोलायलाच नको. बरी म्हणावी अशी कुठलीही धातूची क्लिप एवढा भार सहज घेते. म्हणजे दुकानात तुम्ही ज्या आकड्याकडे बघून निवड केलीत, त्याचा इथे काही उपयोगच नाही.

खरा प्रश्न असा, की तुम्ही जे अडकवलं नाही ते ही क्लिप स्वतःहून अडकवून घेईल का? आणि घेतलंच, तर एका हाताने, हातमोजा घालून, काही दिसत नसताना ते सोडवता येईल का?

कॅराबिनरचं गेट आतल्या बाजूला उघडतं. बाहेरून काहीही दाबलं की ते आत जातं, वस्तू आत शिरते आणि स्प्रिंग मागून दार लावून घेते. गिर्यारोहकाला हेच हवं असतं, एका हाताने टक्‌ करून दोर आत. पाण्याखाली मात्र तो दोर तुम्ही आत घालत नाही, पोहता पोहता तुमचं अंग त्याच्यावर घासतं आणि तो आपोआप आत जातो. गुहेत आणि बुडालेल्या जहाजात उतरणाऱ्यांनी या क्लिपांना ते नाव दिलं ते यामुळेच. गुहेत बाहेर पडायची वाट दाखवणारी दोरी असते, आणि तीच क्लिपमध्ये शिरली तर माणूस वाटेलाच बांधला जातो.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे गुहा आणि जहाजं. आमच्याकडे तंगुसाची, म्हणजे बारीक नायलॉन धाग्याची जाळी आहेत, आणि ती गुहेतल्या दोरीपेक्षा वाईट, कारण ती पाण्यात दिसत नाहीत. नवापूरकडे उकाईचं पाणी पसरलंय तिथे, हतनूरला, गिरणेवर, कुठेही जा. मासेमारी चालते तिथे तुटलेली, सोडून दिलेली जाळी बुडालेल्या बाभळींना लटकलेली असतातच.

उकाईच्याच फुगवट्यात एका होडीचं इंजिन शोधत होतो तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या गटातला एक तरुण मुलगा सोबत होता. त्याच्या डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर शोभेचा एक छोटा कॅराबिनर, त्याला काहीच लटकवलेलं नाही, नुसता रिकामा. पाण्यात हातभर दिसत होतं. तो जागेवरच थांबला आणि पाय मारायला लागला तशी मी जवळ गेलो. कॅराबिनरच्या आत तंगुसाचे तीन-चार धागे बसलेले. तो मागे सरके तसे धागे ताणले जात आणि बाकात जाऊन आणखी घट्ट बसत. सुटायचं तर त्याने आधी पुढे, म्हणजे जाळ्याच्याच दिशेने जायला हवं होतं, मग गेट दाबून धरायचं आणि एकेक धागा बाहेर ओढायचा. आणि हे सगळं स्वतःच्या हनुवटीखाली, जिथे मास्कमुळे नजर पोचतच नाही. घाबरलेला माणूस पुढे जात नाही, तो मागेच ओढतो. मी कात्रीने धागे कापले, त्याच्या टाकीत हवा भरपूर होती, म्हणून त्याचं काही बिघडलं नाही.

यावर नेहमी येणारं उत्तर म्हणजे, मग लॉकवाला कॅराबिनर घेऊ. स्क्रूचं लॉक लावलेलं असेल तर धागा आत शिरणार नाही, हे खरं. पण ते लॉक पट्ट्यावर घासून घासून आपोआप सैल होतं. आणि उलट बाजूने, आपल्या तापीचा गाळ पिठासारखा बारीक, तो आट्यांत बसला की हवं तेव्हा लॉक फिरत नाही. उघडायला बहुधा दोन हात लागतात. वर ॲल्युमिनियमला खाऱ्या पाण्याचं वावडं. मालवणहून आणलेला कॅराबिनर न धुता पिशवीत राहिला की पांढरी पूड धरतो आणि गेट अडकतं. इंग्रजी एसच्या आकाराच्या दोन तोंडांच्या क्लिपा, ट्रिगर दाबून उघडायचे मोठे हूक, भुसावळ स्टेशनाबाहेर किल्ल्यांसाठी मिळतात ते रंगीत कॅराबिनर, सगळे एकाच जातीचे. बाहेरून दाबलं की उघडतं, एवढं दिसलं की खाली ठेवून द्या.

मग वापरायचं काय? बोल्ट स्नॅप. याला वर बाकदार हूक असतो आणि खाली नळीत सरकणारी एक दांडी. दांडीला छोटी घुंडी असते, ती अंगठ्याने मागे ओढली की तोंड उघडतं, सोडली की स्प्रिंगने बंद. महत्त्वाचं हे, की दांडी लांबीच्या दिशेने सरकते. बाजूने कितीही दाबा, धागा घासा, जाळं ओढा, ती उघडत नाही. उघडायला कोणीतरी मुद्दाम घुंडी खेचावी लागते. बुडाशी गोल फिरणारी कडी असते, त्यामुळे गेजच्या हवेच्या नळीला पीळ बसत नाही. तोंड लहान असल्याने तो लावायला सुरुवातीला वैताग येतो, हे मान्य. तो सरावाचा प्रश्न आहे. घरी टीव्ही बघता बघता डोळे मिटून लावायचा, काढायचा. आठवडाभरात बोटांना पाठ होतं.

बोल्ट स्नॅपलाही खोड असते. नळीत गाळ गेला की दांडी अर्ध्यावर थांबते, आणि अर्धवट बंद तोंड म्हणजे साधा उघडा हूकच. म्हणून लावल्यावर बोट फिरवून बघायचं की दांडीचं टोक हुकाला टेकलंय ना. डाइव्ह झाली की वाहत्या पाण्याखाली धरून घुंडी मागे-पुढे करत राहायचं, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. तेल-ग्रीस लावू नका, गाळ त्यालाच चिकटतो. हातमोजे जाड असतील तर मोठ्या घुंडीचा, बोट आत जाईल अशा मोठ्या कडीचा स्नॅप घ्या. इथे परिस्थितीप्रमाणे फरक पडतो. मालवणला उघड्या हाताने छोटा स्नॅप छान चालतो, जानेवारीत जॅकवेलमध्ये बोटं गारठली की तोच सापडत नाही.

धातूचं थोडं सांगतो, कारण फसवणूक इथे होते. चांगला पर्याय म्हणजे ३१६ जातीचं स्टेनलेस. त्यात मॉलिब्डेनम असल्याने खारं पाणी ते जास्त सोसतं. नुसत्या गोड्या पाण्यासाठी ३०४ पुरेसं आहे. अस्सल पितळही चालतं, जरा मऊ असतं आणि काळवंडतं, एवढंच. चालत नाही ते वरून निकेलचा मुलामा दिलेलं जस्ताचं ओतकाम. आता गंमत बघा, बोल्ट स्नॅप ही काही डायव्हरांनी शोधलेली वस्तू नाही. घोड्याच्या मोरकीला, कुत्र्याच्या पट्ट्याला तोच असतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्यांच्या साजाची दुकानं लागतात, तिथे सगळ्या मापांचे स्नॅप टांगलेले दिसतात. मी तिथून घेतलेतही. दुकानदार म्हणणारच, "शुद्ध पितळनं शे दादा!" वाद घालायचा नाही. खिशात छोटी कानस ठेवायची, विचारून बुडाच्या कडीवर एक घाव मारायचा. आत पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्त. जस्ताचा स्नॅप घोड्यापुरता ठीक आहे. पाण्यात तो आतून पोखरतो आणि एके दिवशी कडीपाशी तुकडा पडतो. स्टेनलेस म्हणून देत असतील तर चुंबक लावून बघा. किंचित ओढ जाणवली तर घाबरू नका, वाकवलेल्या-ठोकलेल्या स्टेनलेसला तेवढी येते. पण चुंबक खटकन चिकटलं तर ते साधं लोखंड. आणि स्प्रिंग विसरू नका. बाहेरचं सगळं स्टेनलेस आणि आतली स्प्रिंग गंजकी, असा माल मी बराच पाहिलाय. घुंडी मागे ओढून धरा, नळीच्या फटीतून स्प्रिंग दिसते. तांबूस डाग असेल तर नको.

आता जी गोष्ट मला क्लिपपेक्षाही महत्त्वाची वाटते ती. क्लिप साहित्याला कशाने जोडता? बहुतेक जण स्टीलची की-रिंग घालतात. म्हणजे डी-रिंग (पट्ट्यावरची इंग्रजी डीच्या आकाराची कडी) धातूची, क्लिप धातूची, मधली कडीही धातूची. काही कारणाने स्नॅप जाम झाला तर या साखळीत कापण्यासारखं काहीच उरत नाही. माझ्याकडे नियम असा, की प्रत्येक धातूच्या क्लिपेमागे दोरी असली पाहिजे. गुहेतल्या डायव्हिंगला वापरतात ती २४ नंबरची विणलेली नायलॉन दोरी यासाठी उत्तम. बारीक असते, ताण सोसते आणि सुरीच्या एका ओढीत तुटते. स्नॅपच्या कडीतून दोन वेढे, साहित्याच्या हवेच्या नळीभोवती दोन-तीन वेढे, घट्ट ओढून रीफ नॉट, त्यावर आणखी एक गाठ, टोकं अर्धा सेंटीमीटर ठेवून लायटरने वितळवायची. वितळवताना मधे ओलं फडकं धरा, नळीला आच लागली तर नळी बदलावी लागेल. पॅराकॉर्ड वापरू नका. जाड असल्याने गाठ बोजड होते आणि आतले धागे वेगवेगळे सरकत असल्याने पाण्याखाली कापायला चिवट. केबल टाय उन्हाने ठिसूळ होतो आणि त्याचं कापलेलं टोक हातमोजा फाडतं.

दोरी कापायची तर कापायला काहीतरी हवं. पिंडरीला बांधलेला मोठा सुरा सिनेमात शोभतो. जाळ्यात सापडल्यावर हात तिथवर पोचत नाही. छातीच्या किंवा कमरेच्या पट्ट्यावर एक लाइन कटर आणि दुसऱ्या हाताला पोचेल अशी एक कात्री. रुग्णवाहिकेत कपडे कापायला ठेवतात तीच कात्री. तंगूस सुरीपेक्षा कात्रीने चांगलं कापलं जातं, कारण सैल धागा सुरीपुढे नुसता पळतो.

वस्तूनिहाय सांगायचं तर गेजला लहान स्नॅप, कमरेच्या डाव्या डी-रिंगला, म्हणजे पोटाखाली काही घासटत जात नाही. टॉर्चला मध्यम स्नॅप, छातीवर. रील किंवा स्पूल मागच्या डी-रिंगला, दोन्हीकडे तोंड असलेल्या डबल-एंडरने. डबल-एंडरची दोन्ही टोकं उघडतात, त्यामुळे हरवली तर जीव टांगणीला लागेल अशी वस्तू त्याच्यावर ठेवू नका. आणि पाण्याखालून बोया वर सोडताना रील स्वतःला अडकवलेली असता कामा नये. दोरी गुंतली तर बोया तुम्हालाही वर घेऊन जाईल. लिफ्ट बॅगचंही, म्हणजे जड वस्तू वर आणायच्या हवेच्या पिशवीचंही तेच.

ऑक्टोपसचं वेगळं आहे. तो पिवळा सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरून हवा घ्यायचा भाग, तुमच्या जोडीदारासाठी असतो, आणि हवा संपलेला जोडीदार घुंडी शोधत बसणार नाही, तो हिसकाच मारणार. म्हणून ऑक्टोपसला बोल्ट स्नॅपही नको. रबरी किंवा सिलिकॉनचा फास, ओढला की सुटणारा, हनुवटी ते बरगडी या पट्ट्यात. फास इतका सैलही नको की पोहताना ऑक्टोपस निसटून गाळात लोळेल. गाळ भरलेल्या सेकंड स्टेजमधून जोडीदाराच्या तोंडात हवेबरोबर काय जाईल ते सांगायला नको. सोडायच्या वजनांनाही क्लिप लावू नका. सोडायची वस्तू अडकवून ठेवायची हा विचारच उलटा आहे.

स्प्रिंगची दोरी आत-बाहेर होणारे रिट्रॅक्टर तुमच्या जुन्या साहित्यात बहुधा असतील. काढून टाका. गाळात ते पहिले जाम होतात, आणि दोरी अर्धी बाहेर राहिली की लोंबणारी आणखी एक वस्तू.

ज्या डी-रिंगला काही लावायचं नाही तिथे काही ठेवूही नका. रिकामी क्लिप लटकवून ठेवायची हौस सगळ्यांना असते, वरच्या मुलालाही होती.

एका जागी मात्र तुमचे लॉकवाले कॅराबिनर कामाला येऊ शकतात, आणि इथे माझंही मत ठाम नाही. शोधकार्यात, शून्य दृश्यतेत, डायव्हर दोराला बांधून उतरतो आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात असतं. त्या दोराने बेशुद्ध माणूस ओढून आणायची वेळ येऊ शकते, त्यामुळे तिथे ताकद खरंच मोजावी लागते. असा दोर बीसीडीला, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटला नाही, बीसीडीच्या आत घातलेल्या वेगळ्या हार्नेसला लावतात, म्हणजे बीसीडी उतरवावी लागली तरी दोर अंगाला राहतो. तिथे काही पथकं लॉकवाला कॅराबिनर वापरतात, काही स्नॅप शॅकल, म्हणजे दोरी खेचली की ताणाखालीही उघडणारी कडी. जाळी आणि झाडं जास्त असतील तर शॅकलची खेचायची दोरीच कशात तरी अडकून नको तेव्हा सुटायची भीती, म्हणून मी लॉकवाल्याकडे झुकतो. अर्थात दोर कापता येईल अशी कात्री हाताशी आणि काठावर इशारे पक्के समजणारा माणूस असेल तरच. नदीला धार असेल तर हे गणितही बदलतं. हे वाचून शिकायची गोष्ट नाही. धुळ्याला एसडीआरएफची (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी आहे, शोधकार्याचा विचार खरंच असेल तर तसल्या प्रशिक्षित लोकांच्या हाताखाली आधी काठावरचा दोर धरायला शिका.

आणि क्लिपचा संबंध नसला तरी सांगून ठेवतो. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. दरवाजा थोडा जरी उघडा असेल किंवा पंप चालू असेल, तर पाण्याच्या ओढीने माणूस फटीला चिकटतो आणि त्याला कुठली क्लिप, कुठली कात्री सोडवू शकत नाही. जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आणि दरवाजे-पंप बंद असल्याची खात्री करून देणारा माणूस जागेवर हजर असल्याशिवाय तिथे पाय ओला करायचा नाही.

आता खरेदी. प्रत्येकी दोन लहान बोल्ट स्नॅप, एक मध्यम, एक डबल-एंडर, ऑक्टोपससाठी सिलिकॉनचा फास, आणि सगळ्यांत मिळून २४ नंबर दोरीचं एक रीळ. सुरुवातीला एवढं पुरे. कोणाच्या टाकीशेजारी दुसरी टाकी लागायला लागेल तेव्हा मोठ्या स्नॅपचं बघू, त्याची बांधणी वेगळी असते. मागवण्याआधी तुमच्या डी-रिंगांची जाडी मोजा. जुन्या बीसीडींना प्लॅस्टिकच्या जाड रिंगा असतात, त्यावर लहान तोंडाचा स्नॅप बसतच नाही. तसं असेल तर स्नॅप मोठा घेऊ नका, पट्ट्यावर स्टेनलेसची डी-रिंग ओवून घ्या. जुनी बीसीडी म्हणालात म्हणून, पट्ट्याची शिवणही त्याच वेळी बघून घ्या.